चालताना गार, सिग्नलवर गरम

मे महिन्यातली दुपार, साडेबाराची वेळ. आईला डोळे दाखवायला धंतोलीत न्यायचे होते. छावणीतून निघालो तेव्हा गाडीत छान गारवा होता. रेसिडेन्सी रोडने एलआयसी चौकापर्यंत आलो आणि सिग्नल लागला. अर्ध्या मिनिटात एसीची हवा आधी कोमट झाली, मग चक्क गरम. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला, तसा पुन्हा गारवा. कस्तुरचंद पार्कजवळ पुन्हा थांबलो, पुन्हा गरम. व्हरायटी चौकात पोहोचेपर्यंत आईचा चेहरा लाल झाला होता. ती तक्रार करणाऱ्यांतली नाही. एवढेच म्हणाली, "काच खाली कर गं, कोंडल्यासारखं होऊन राह्यलं."

त्याआधी आठच दिवसांपूर्वी मी एका दुकानात गाडी दाखवली होती. तिथल्या माणसाने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केले, "गॅस कमी झाला असंल. दर उन्हाळ्यात टाकाच लागते, म्याडम." गॅस टाकला, पैसे दिले. त्यानंतर सिग्नलवरचा त्रास कमी होण्याऐवजी वाढला. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण नागपुरात उन्हाळ्यात अनेकांच्या गाड्यांचे हेच होते आणि अनेकांना हेच उत्तर मिळते.

गाडी चालताना गार आणि उभी राहिली की गरम, हे वर्णनच अर्धे निदान आहे. गॅस फारच कमी असता तर गाडी पळतानाही गारवा नीट आला नसता. आपला संशय आधी दुसरीकडे जायला हवा.

नागपूरकराला एसी समजावून सांगणे तसे सोपे, कारण प्रत्येक घरात कूलर असतो. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा जाते, ताटीवरच्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता ओढून घेते. गाडीच्या एसीतही वाफच होते, पण पाण्याची नव्हे. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता घेतो. कूलरमधली वाफ खोलीत सोडून देता येते, हा गॅस मात्र सोडून द्यायचा नसतो. तो परत द्रव करून वापरायचा असतो. म्हणून इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो तापतो आणि गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे त्याने गाडीतून आणलेली सगळी उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची आणि पुन्हा द्रव व्हायचे. एसी म्हणजे उष्णता वाहून नेणारा हमाल. गाडीतले ओझे उचलले, पण बाहेर ठेवायला जागाच मिळाली नाही, तर तो दुसरी खेप कशी आणणार?

ओझे ठेवण्यासाठी कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा बराच तापलेला असावा लागतो, साधारण पंधरा-वीस अंशांनी. पुण्यात बाहेर ३० अंश असेल तर कंडेन्सरचे काम पन्नाशीच्या आत भागते. आपल्याकडे ४५ अंशांत त्याला साठ-पासष्टपर्यंत जावे लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. आणि हा आकडा वेधशाळेच्या पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीतला, म्हणजे सावलीतला आणि जमिनीपासून चार फुटांवरचा. (मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. तो यंत्राचा दोष निघाला, पण तोवर सगळ्या देशाने आपल्याबद्दल हळहळून घेतले होते.) गाडीचा कंडेन्सर असतो रस्त्यापासून दीड-दोन फुटांवर, तापलेल्या डांबराच्या किंवा सिमेंटच्या वर, पुढच्या गाडीच्या धुराकडे तोंड करून. त्याच्या वाट्याला येणारी हवा बातम्यांतल्या तापमानापेक्षा नेहमीच जास्त गरम.

गाडी पळत असते तोवर हे निभावते. समोरून वारा जोरात येतो आणि कंडेन्सरची उष्णता मागे नेतो. सिग्नलवर तो वारा थांबतो. इंजिन सात-आठशे आरपीएमवर येते, त्यामुळे कॉम्प्रेसरही मंद फिरतो. शिवाय इंजिनाजवळची तापलेली हवा बंपरखालून वळसा घालून पुन्हा कंडेन्सरसमोर येऊ लागते. अशा वेळी सगळी मदार एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे कंडेन्सर-रेडिएटरमागचा विजेवर चालणारा पंखा. तो फिरला नाही किंवा मंद फिरला, तर कंडेन्सर ऐंशी अंशांकडे सरकतो आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या सव्वीसपटीपर्यंत चढतो. आणखी चढला की, साधारण तीसपटीच्या आसपास, नळ्या फुटू नयेत म्हणून दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आपल्याला कळते ते इतकेच की हवा गरम येते आहे. गाडी पुन्हा पळू लागली की दाब उतरतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि सगळे आलबेल वाटते.

आता त्या वाढीव गॅसचे. नळ्यांमध्ये गरजेपेक्षा जास्त गॅस भरला की जादा द्रव कंडेन्सरमध्येच तुंबतो आणि उष्णता सोडण्याची जागा अडवतो. दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर आणखी लवकर बंद पडतो. पंखा आधीच आजारी, त्यात ओझे वाढवले. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी सदरमध्येच एका वयस्क मेकॅनिककडे गेले. त्यांनी मला गाडी सुरू करून एसी लावायला सांगितला आणि बॉनेटवर वाकून नुसते पाहत राहिले. मिनिटभराने म्हणाले, "गॅस तर जास्तच हाये. पंखाच नाही फिरून राह्यला." माझ्या गाडीला दोन पंखे आहेत. रेडिएटरचा चालू होता, त्यामुळे इंजिनच्या तापमानाचा काटा जागेवर होता आणि मला शंका आली नाही. शेजारचा एसीचा पंखा निपचित पडला होता. त्यांनी पान्ह्याच्या मुठीने मोटरवर हलकेच ठोकले, तर तो चार फेरे फिरला आणि थांबला. आतले कार्बन ब्रश झिजले होते. मग त्यांनी कंडेन्सरमध्ये बॅटरीचा झोत टाकून दाखवला. जाळीत धुळीचा थर आणि त्यात गुंतलेला पांढरा कापूस. एप्रिलमध्ये सावरीची बोंडे फुटतात तेव्हा तो सगळीकडे उडतो. दिसायला सुंदर, कंडेन्सरसाठी मात्र रजई.

यातल्या काही तपासण्या कुणालाही करता येतात. गाडी सावलीत, मोकळ्या जागी उभी करा, इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. कॉम्प्रेसर लागल्यावर पंखा बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला हवा. हात, ओढणी, केस दूर ठेवा, कारण हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग तपासायचे, मग मोटर. काही गाड्यांत एकच पंखा दोन वेगांनी चालतो. त्यातला एक वेग बंद पडला तरी पंखा फिरताना दिसतो आणि आपण फसतो. दुसरी खूण पाण्याची. हवा गरम येत असताना कंडेन्सरवर समोरून हलकेच पाणी शिंपडले आणि मिनिटाभरात आत गारवा आला, तर समजावे की अडचण उष्णता बाहेर टाकण्यात आहे. धुताना मात्र प्रेशरचा फवारा जवळून मारू नये, पातळ पत्र्या वाकतात.

पंखा जोरात आहे, जाळी स्वच्छ आहे, तरी उभ्या गाडीत गरम हवा येते आणि अॅक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर नेताच गार होते, असे असेल तर कॉम्प्रेसर थकला असावा, पट्टा घसरत असावा किंवा गॅस खरेच थोडा कमी असावा. हे सांगणे गेजचे काम. दोन्ही बाजूंचे दाब मोजल्याशिवाय गॅस टाकू देऊ नका. गॅस हे इंधन नाही, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. गळती शोधायची, बुजवायची, पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची आणि मग वजन करून गॅस भरायचा. किती ग्रॅम लागतो ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

जुना गॅस हवेत फुस्सकन सोडून देण्याची पद्धत अजून दिसते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण वातावरण तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. साडेचारशे ग्रॅम गॅस सोडणे म्हणजे जवळपास ६४० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे. एवढ्या पेट्रोलमध्ये लहान गाडी नागपूरहून मुंबईला पाच वेळा जाईल. गॅस ओढून साठवणारे यंत्र असते. ते आहे का, हे दुकानात विचारायला हरकत नाही.

हे सगळे दुरुस्त होईपर्यंतचे काय? गाडीत म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल आणि एसी गरम हवा फेकत असेल, तर काचा बंद ठेवून वाट बघणे सगळ्यात वाईट. उन्हात उभी बंद गाडी किती तापते यावरचा एक अमेरिकी अभ्यास ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात २००५ मध्ये आला होता. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणून काचा पूर्ण उघडायच्या. पण नागपूरच्या मेमध्ये बाहेरची हवा आपल्या त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे नुसता वारा शरीर गार करत नाही, करतो तो घाम. वयानुसार घाम कमी होतो, तहानही उशिरा कळते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे शरीरातले पाणी घटवतात, मानसिक आजारांवरची काही औषधे घाम कमी करतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण उन्हाळ्यात डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

घामाची उणीव पाण्याने भरून काढता येते. दुपट्टा ओला करून मान, हात, चेहऱ्यावर घेतला आणि काचा उघड्या ठेवल्या की माणूस स्वतःच कूलर होतो. आपली हवा कोरडी आहे, त्याचा एवढा तरी फायदा. त्या दिवशी आईसाठी मी पाण्याच्या बाटलीने हेच केले. माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजायचा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

चांगल्या एसीलाही थोडी मदत हवी असते. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिली एक-दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून ती भट्टीची हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा लावून वळणाऱ्या बाणाचे बटण दाबा, म्हणजे एसीला बाहेरच्या पंचेचाळीस अंशांऐवजी आतली निवत चाललेली हवाच पुन्हा गार करायची असते. सिग्नलवर तर हे बटण चालूच असावे. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. कोंडलेल्या गाडीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला पेंग येते. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये एसी लावून, इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पंख्याची मोटर बदलायला आणि जाळी धुवायला सव्वा तास लागला. जादा गॅस यंत्राने ओढून, मोजून पुन्हा भरला. पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा दाखवायला न्यायचे होते. एलआयसी चौकात सिग्नल लागला तसा बॉनेटखालून पंख्याचा घरघर आवाज आला. इतकी वर्षे तो आवाज कानावर पडत होता आणि मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. आईने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "थोडा कमी कर. कान गार पडून राह्यले."