दुखत नाही, हाच धोका

दात दुखू लागला की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी डॉक्टरांचे दार गाठतो. तोंडाचा कर्करोग मात्र आरंभी बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्याची आपण पर्वा करीत नाही. या रोगाला वेळ मिळतो तो आपल्या या स्वभावामुळे.

सुदैवाने त्याची जागा उघडी आहे. यकृतात काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, तोंडातले दिसते. महिन्यातून एकदा चूळ भरून, कवळी असल्यास काढून, चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. तंबाखूची चिमूट जेथे धरण्याची सवय असेल, ती जागा विशेष निरखावी.

काय शोधावयाचे? तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. पुसून न जाणारा पांढरा चट्टा. तांबडा, मखमलीसारखा चट्टा, जो पांढऱ्याहूनही अधिक धोक्याचा. गालातली वा मानेतली गाठ. कारणावाचून हलू लागलेला दात. जिभेची किंवा ओठाची बधिरता. गिळताना होणारा अडथळा.

तिखट सोसेनासे झाले, तोंडात उभी तीन बोटे जाईनाशी झाली, तर सुपारीने आतले अस्तर ताठर होऊ लागले असण्याचा संभव असतो. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्याकडे जाणारी वाट खरी. ‘आम्ही नुसती सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. मिसरी लावणाऱ्या भगिनींनीही सावध राहावे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो; दाताचे टोक घासूनही जखम होते. निर्णय तुकडा काढून तपासल्यावरच होतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, या भीतीने तपासणी टाळू नये.

केरळात १९९६ पासून आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, केवळ उजेड व डोळे यांच्या साह्याने लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. जे त्यांनी पाहिले, ते पाहण्यास आपल्या घरीही आरसा आहे. आज घरी गेल्यावर त्यात पाहा. आणि शंका आली, तर दुखण्याची वाट पाहू नका.