धडा संपण्याआधी विचारा

‘समजलं का?’ गुरुजी विचारतात. ‘हो सर!’ सगळा वर्ग एका सुरात सांगतो आणि धडा पुढे जातो. या होकारातून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. ज्याला समजलं तो हो म्हणतो. ज्याला समजलं नाही तो चारचौघांत कशाला उघडं पडायचं म्हणून हो म्हणतो. आणि ज्याच्या डोक्यात चुकीचंच पक्कं बसलंय, त्याचा ‘हो’ तर सर्वांत खणखणीत असतो. कोणाला काय कळलं, हे घटक चाचणीचे पेपर तपासताना उघड होतं. तोवर वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. धडा चालू असतानाच, मध्यावर थांबून, नेमका प्रश्न विचारायचा. उत्तर सगळ्यांकडून घ्यायचं. त्या उत्तरांवरून पुढची दहा मिनिटं काय शिकवायचं ते ठरवायचं.

दुधाच्या फॅटचं गणित

भूम तालुक्यातलं ईट घेऊ. हा सगळा पट्टा दुधाचा आणि खव्याचा. इथल्या कितीतरी मुलांना ‘फॅट’ हा शब्द शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतो, कारण डेअरीत किती फॅट लागली यावर घरात पैसे किती येणार ते ठरतं. गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट हा आकडा पायाचा मानतात. म्हणजे दशांश अपूर्णांक इथल्या मुलांच्या घरातच आहे.

समजा, इथल्या एखाद्या शाळेत सहावीला दशांश अपूर्णांकांचा तास चालू आहे. अर्धा तास झाल्यावर बाई फळ्यावर तीन फॅट लिहितात: ३.५, ३.४, ३.४५. ‘चढत्या क्रमाने लावा. कोणी बोलायचं नाही, पाटीवर लिहा आणि मी सांगितलं की एकदम पाट्या वर करा.’

पाट्या वर होतात तेव्हा तीन तऱ्हेची उत्तरं दिसू शकतात. काहींनी ३.४, ३.४५, ३.५ असा बरोबर क्रम लावलेला असतो. काहींनी ३.४, ३.५, ३.४५ लिहिलेलं असतं. ही मुलं टिंबाच्या पुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे, म्हणून ३.४५ सर्वांत मोठं. तिसऱ्या गटाचा क्रम ३.४५, ३.४, ३.५ असा असतो. शतांश दशांशापेक्षा लहान, हे त्यांना कळलेलं असतं. पण म्हणून शतांशापर्यंत जाणारी संख्या आपोआप लहान, असा अर्थ त्यांनी काढलेला असतो.

एकाच प्रश्नाने तीन वेगळी डोकी वाचता आली. त्याऐवजी ‘३.५ मोठं की ३.४५?’ एवढंच विचारलं असतं, तर तिसऱ्या गटाचं उत्तर बरोबर आलं असतं आणि चूक झाकली गेली असती. म्हणून चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येणार नाही, असा प्रश्न आधी घरी बसून तयार करावा लागतो.

आता बाईंना पुढचं ठरवता येतं. निम्मा वर्ग दुसऱ्या गटात असेल तर नवीन उदाहरण थांबवून ३.५ ला ३.५० लिहायचं, दशांश आणि शतांशाची घरं पुन्हा आखायची. तिघे-चौघेच अडले असतील तर बाकीच्यांना सराव देऊन त्यांच्याजवळ बसायचं. सगळ्या पाट्या बरोबर असतील तर खुशाल पुढे जायचं.

पहिली-दुसरीतही हेच. ‘एकोणपन्नास लिहा’ म्हटलं की काही मुलं ५९ लिहितात, कारण कानावर ‘पन्नास’ पडलेलं असतं. पाठ म्हणून घेतलेल्या अंकांत ही चूक कधीच दिसत नाही. सुरात सगळेच बरोबर असतात. ती पाटीवरच दिसते. विज्ञानात विचारा, खळखळ उकळणाऱ्या पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं? ‘हवा’ हे उत्तर भरपूर मिळेल. खरं उत्तर आहे पाण्याची वाफ.

तीन सेकंदांची कळ

प्रश्न चांगला असूनही बऱ्याचदा वाया जातो, कारण आपण थांबत नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहूनही कमी थांबत होते. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, अधिक मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. पण मागच्या बाकावरच्या मुलाला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

दुसरी सवय हात वर करणाऱ्यांची. ठरलेली चार-पाच मुलं हात वर करतात, उत्तर देतात आणि वर्गाला कळलं असं आपण धरून चालतो. म्हणून आधी प्रश्न, मग शांतता आणि मग कोणाचंही नाव. किंवा सरळ पाट्या. परदेशी शाळांत यासाठी छोटे पांढरे फळे विकत घेतात; आपल्याकडे पाटी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

कागदावर आहे, तासात आणा

ही कल्पना आपल्याला परकी नाही. डी.एड.ला पाठ टाचण काढताना विकसनात्मक प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरं लिहिलेली प्रत्येक शिक्षकाला आठवतील. त्यात एका गोष्टीची भर हवी: मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतील आणि तसं आलं तर मी काय करीन?

कायद्याचाही रोख हाच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला किती समजलं आणि ते त्याला वापरता येतं का, याचं सातत्याने मूल्यमापन करायला सांगितलं आहे. त्यानुसार महाराष्ट्राने २०१०-११ पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आणलं. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम ही दोन्ही आहेत. व्यवहारात मात्र आकारिकचा अर्थ नोंदी भरणं असा झाला. ज्या निरीक्षणातून उद्याचा तास बदलायला हवा, ते वर्षअखेरीस नोंदवहीत एका वाक्यात उतरवलं जातं. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचाही निष्कर्ष असाच होता: मिळालेल्या माहितीवरून शिकवणं बदललं, तरच मूल्यमापनाने शिकणं सुधारतं.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. वाडी-वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, त्यात वरून मागितली जाणारी माहिती वेगळीच. पण मध्यावरचा प्रश्न पाच मिनिटांचा असतो आणि न कळलेला पाया दुरुस्त करायला पुढे महिने जातात. शिवाय भूम, वाशी, परंडा भागातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर गेलेली मुलं परत येतात तेव्हा मधले धडे सुटलेले असतात. कुठून सुटले, हे त्या मुलांना स्वतःहून सांगता येत नाही. शिक्षकाने विचारलं तरच ते सापडतं.

एक अट मात्र पाळायलाच हवी. या प्रश्नांना गुण नकोत, चुकीच्या पाटीवर हसणं नको, छडी तर नकोच. चूक दाखवल्यावर अपमान होतो असं एकदा मुलाला कळलं की ते शेजाऱ्याच्या पाटीत डोकावू लागतं आणि शिक्षकाला खोटी माहिती मिळते.

केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत ‘किती धडे झाले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘मुलं कुठे अडतात?’ हेही विचारावं. पालकांनी वहीतल्या बरोबरच्या खुणा मोजण्यापेक्षा मुलाला एखादं गणित समजावून सांगायला लावावं. आणि शिक्षकांनो, उद्याच्या टाचणात एकच प्रश्न लिहा, तासाच्या मध्यावर विचारा, तीन सेकंद थांबा आणि सगळ्या पाट्या बघा. जे दिसेल त्यावरून पुढचं शिकवा.