गाडीची चकाकी
चंद्रपुरात कोळशाची धूळ, गडचिरोलीत पावसाळी ओल. मोटारसायकल काळवंडायला वेळ लागत नाही. मग आपण घरातला पॉलिश पेपर काढतो. थांबा! सायलेन्सरवरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो खरवडला की गंज आत शिरतो. डबा गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून, गार सायलेन्सरवर हलकेच घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. (चिंच समईसाठीच राहू द्या.) इंजिनाचं झाकण उघड्या अॅल्युमिनियमचं असेल, तर ओला पॉलिश पेपर चालतो: आधी ४०० नंबर, मग ८००, मग १२००, शेवटी पॉलिश आणि जुन्या धोतराची चिंधी. ब्रेकच्या डिस्कला मात्र पॉलिशचं बोटही लावू नका. ते पॅडला लागलं की ब्रेक घसरतो, आणि समोर रानडुक्कर आलं तर गाडी थांबत नाही. डिस्क नुसती साबणाच्या पाण्याने धुवावी.