पुडी, पाकीट आणि कूपन

दहा तारखेला पगार हातात येतो आणि वीस तारखेपासून चहा-साखर पुडीने आणावी लागते, हा आपल्या वस्त्यांमधील बहुतेक घरांचा अनुभव आहे. आम्ही कारकुनी पेशाचे, आकडेमोड करायची सवय. म्हणून आज थोडा किराण्याचा हिशेब मांडतो.

चहाचेच घ्या. समजा, दहा रुपयांच्या पुडीत 15 ग्रॅम चहा आहे. म्हणजे ग्रॅमला 67 पैसे पडले. 250 ग्रॅमचे पाकीट 140 रुपयांना मिळत असेल तर ग्रॅमला 56 पैसे. रोज एक पुडी आणणाऱ्या घरात महिन्याला 300 रुपये जातात. तेवढाच चहा पाकिटातून 252 रुपयांत होतो. 48 रुपये वाचले. पोराच्या एक-दोन वह्या त्यात येतात. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने एकदम 140 रुपये आणायचे कुठून? तिला ‘मोठे पाकीट घ्या’ असा उपदेश करणे सोपे आहे. आमचे म्हणणे असे, की शेजारच्या दोघी-तिघींनी पैसे काढून एक पाकीट घ्यावे व तोलून वाटून घ्यावे. हिशेब मात्र वहीत लिहावा, म्हणजे कुरबूर होत नाही.

मोठे तेच स्वस्त, असेही नाही. शाम्पूची छोटी पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तेलाच्या पिशवीत तर डोळ्यांची फसगत होते. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, पण दिसायला लिटरची वाटणारी पिशवी 850 ग्रॅमचीही असते.

नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने वेष्टनाच्या नियमांत दुरुस्ती केली. चहा, बिस्किटे, साबण, तेल ठरावीक मापातच भरण्याचे बंधन गेले. त्याऐवजी ग्रॅमला किंवा किलोला काय दर पडतो, ते पाकिटावर छापण्याचा नियम आला. किमतीजवळ बारीक अक्षरांत तो असतो. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावा. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी मागितले तर 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

राहिले कूपन. एका मोठ्या दुकानात आमची खरेदी 420 रुपयांची झाली होती. पाचशे केले तर पन्नासचे कूपन, असे काउंटरवरच्या पोराने सांगितले. आम्ही बीकॉम झालेलो, तरी फिनेल आणि बिस्किटे उचलून पाचशे भरले. कूपन पुढच्या खरेदीवर, तेही पंधरा दिवसांत. पंधरा दिवसांत आमच्या खिशात खरेदीपुरते पैसेच नव्हते. कूपन कपाटात तसेच राहिले, आणि फिनेल अजून मोरीत आहे.