निखाऱ्यांपाशी एक रात्र

शल्यचिकित्सेत पस्तीस वर्षे घालवल्यानंतर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होण्याचा योग आला. तोही एखाद्या वैद्यकीय कार्यशाळेत नव्हे, तर अमेरिकेतील कॅन्सस सिटीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, धुराने डोळे चुरचुरत असताना. डॉक्टरांच्या स्मरणिकेत मांस भाजण्याच्या वर्गाविषयी लिहावे का, असा संकोच मनात होता. परंतु त्या रात्री जे शिकलो ते अखेर आपल्या व्यवसायाशीच येऊन भिडले, म्हणून हे धाडस.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. जावयांनी वाढदिवसाची भेट म्हणून माझे नाव बार्बेक्यूच्या वर्गात नोंदवले. "बेळगावात गॅसपाशी कधी उभे राहिला नाहीत, आणि आता सातासमुद्रापार जाऊन चूल फुंकणार?" हा सौ.चा अभिप्राय. तो शिरोधार्य मानून मी निघालो.

बार्बेक्यू हा त्या शहराचा कुळाचार आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी तेथे लाकडावर भाजलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी ती परंपरा वाढवली. १९८० पासून तेथे 'अमेरिकन रॉयल' ही मोठी स्पर्धा भरू लागली, आणि १९८५ मध्ये 'कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी' ही संस्था स्थापन होऊन स्पर्धांचे नियम ठरले. आमचे गुरुजी अशाच स्पर्धांत उतरणारे पिटमास्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे उस्ताद. धिप्पाड देह, निखाऱ्यांनी डागलेले हात आणि बोलणे अगदी मोजके.

शुक्रवारी सायंकाळी आम्ही बारा विद्यार्थी जमलो. मी गोमांस खात नाही, हे आधीच कळवले होते. गुरुजींनी एका शब्दाने न विचारता माझ्यापुढे कोंबडी आणि डुकराचा खांदा ठेवला. शेजारच्या टेबलावर गाईच्या छातीचा तुकडा स्वच्छ करणे चालू होते. त्यातील दोन थर म्हणजे छातीचे खोल आणि वरचे स्नायू, दोहोंच्या मध्ये चरबीचा पडदा. शरीररचनाशास्त्राचे पहिले वर्ष डोळ्यांपुढे उभे राहिले.

कोंबडीच्या मांडीची कातडी अलगद सोडवून तिच्या आतील चरबी सुरीने खरवडायची, म्हणजे भाजल्यावर ती चिवट न राहता एका घासात तुटते. हे काम मी इतक्या सफाईने केले की गुरुजी थबकले. "डॉक, हे हात कुठे तयार झाले?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या क्षणी वर्गात आपणच पहिले येणार याविषयी मला शंका उरली नाही. हा गर्व पुढे बारा तास टिकला.

रात्री दहाला खांदे भट्टीत गेले. भट्टीचे तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअस, जळण हिकरी आणि ओक या झाडांचे. पांढरा, दाट धूर म्हणजे लाकूड कुढत जळते आहे, मांसाला कडवट वास लागणार. पातळ, निळसर धूर दिसला की विस्तव निरोगी. खांदा हा सतत राबणारा स्नायू. त्यातील कोलॅजेनचे जिलेटिन व्हायला उष्णतेइतकाच वेळ लागतो. घाई केली तर मांस शिजते, पण चामड्यासारखे राहते.

पहाटे तीनच्या सुमारास खरी परीक्षा झाली. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा ७० अंशांच्या आसपास आला आणि तेथेच थांबला. एक तास गेला, दोन गेले. आकडा हलेना. सारे विद्यार्थी अस्वस्थ झाले. कोणी म्हणाले, यंत्र बिघडले. कोणी लाकडे वाढवायला उठले. गुरुजी खुर्चीत कॉफी पीत बसले होते. मग त्यांनी मलाच विचारले, "तापाच्या रुग्णाला तुम्ही ओल्या फडक्याने का पुसता?"

उत्तर मला माहीत होते, पण ते येथे लागू पडेल हे सुचले नव्हते. मांसातील पाणी पृष्ठभागावर येऊन बाष्प होते, आणि आत जाणारी उष्णता त्यातच खर्ची पडते. म्हणजे मांसाला घाम येत असतो. अशा वेळी एक तर धीर धरायचा, नाही तर मांस फॉइलमध्ये गुंडाळून बाष्पीभवन रोखायचे. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि आकडा पुन्हा चढू लागला.

सकाळी दहाला माझा थर्मामीटर ९५ दाखवू लागला. आदल्या सायंकाळी गुरुजींनी हाच आकडा फळ्यावर लिहिला होता. मी विजयी मुद्रेने खांदा बाहेर काढला आणि झाल्याचे जाहीर केले. गुरुजींनी एक बारीक सळई माझ्या हाती दिली. "टोचून पाहा." एका बाजूने ती सहज गेली, दुसऱ्या बाजूला अडली. ते म्हणाले, "डॉक, आकडा एवढेच सांगतो की आता तपासायला लागा. झाले की नाही, ते हाताने विचारायचे असते."

मी गप्प झालो. त्या वाक्याने मला एकदम बारा वर्षे मागे नेले.

२०११ च्या पावसाळ्यातील रात्र. एका तरुण शेतकऱ्याच्या पोटात दुखत असल्याचा दूरध्वनी आला. सोनोग्राफीत काही दिसत नव्हते, पांढऱ्या पेशी किंचित वाढलेल्या. मी दिवसभर उभा होतो. अहवाल ऐकून घेतला, औषधे सांगितली आणि "सकाळी पाहतो" म्हणून झोपलो. सकाळी पोटावर हात ठेवला तेव्हा ते फळीसारखे ताठ झाले होते. आंत्रपुच्छ फुटले होते. तरुण वाचला, पण तीन आठवडे अंथरुणावर होता, आणि त्याची पेरणी हुकली. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. दोष माझाच होता. रात्री मी अहवाल तपासला होता, रुग्ण तपासला नव्हता.

खांदा पुन्हा भट्टीत गेला. तासाभराने सळई पिकलेल्या पपईत जावी तशी सर्व बाजूंनी गेली, आणि खांद्याचे चपटे हाड नुसते धरताच स्वच्छ निघून आले. ते हाड हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

मात्र याचा अर्थ आकडे निरुपयोगी, असा कोणी घेऊ नये. कोंबडीच्या बाबतीत गुरुजी तितकेच कठोर होते. आतील तापमान ७४ अंशांवर गेल्याखेरीज कोणीही तुकडा तोंडात घालायचा नाही. साल्मोनेला बोटांना कळत नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे, ४ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न रेंगाळू द्यायचे नाही, हे नियम त्यांनी शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या शिस्तीने पाळून घेतले.

दुपारी स्पर्धेची रंगीत तालीम झाली. कोंबडी, बरगड्या, डुकराचे मांस आणि गाईची छाती या क्रमाने अर्ध्या-अर्ध्या तासाने डबे द्यायचे. परीक्षकांना डब्यावर फक्त क्रमांक दिसतो, स्पर्धकाचे नाव नाही. रूप, चव आणि मऊपणा यांना वेगवेगळे गुण. बरगडीचे मांस हाडावरून आपोआप गळून पडले तर ते जास्त शिजले असे मानतात. जेथे दात लागला तेवढेच निघावे. माझ्या कोंबडीला चांगले गुण मिळाले, खांद्याला मध्यम. भाजलेल्या मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी वर्तुळाकार रेघ मात्र सर्वांनी वाखाणली. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मायोग्लोबिनशी जुळून तो रंग येतो. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतील गुलाबी त्वचा आपण ज्या कारणाने ओळखतो, त्याचेच हे भावंड.

वाचक डॉक्टर असल्याने एक सावधगिरीही नोंदवतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक, तर लाल मांस बहुधा कर्करोगकारक ठरवले. धूर आणि करपलेला भाग यांतही घातक द्रव्ये असतात. तेव्हा हा प्रकार सणासुदीचा, नित्याचा नव्हे.

बेळगावला परतल्यावर दोन गोष्टी घडल्या. आमच्याकडील तरुण डॉक्टर पोटदुखीच्या रुग्णाची माहिती देताना अहवालापासून सुरुवात करू लागले की मी त्यांना थांबवतो आणि आधी विचारतो, "पोटाला हात लावलात का? काय लागले?" आरंभी त्यांना ते म्हाताऱ्याचे खूळ वाटले. आता ते विचारण्याआधीच सांगतात.

दुसरी गोष्ट घरची. लग्नाचे मांडे करण्यास येणाऱ्या बाईंना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हातावर पसरलेला मांडा पालथ्या खापरावर टाकायचा आणि क्षणात उचलायचा. त्यांच्यापाशी कधी थर्मामीटर नव्हता. हे सारे डोळ्यांसमोर असूनही मला शिकायला कॅन्सस सिटी गाठावी लागली.

एका रविवारी गच्चीवर कोळशांवर कोंबडी लावली. थर्मामीटरने ७४ ओलांडले होते. मी उचलणार, तोच सौ.ने चिमट्याने मांडी दाबून पाहिली आणि म्हणाली, "थांबा, अजून पाच मिनिटं."

मी थांबलो. तिचेच बरोबर होते.