चहा शेगडीवर, भाकरी चुलीवर

‘नक्की करतेस काय तू?’ दर दिवाळीला आत्या हा प्रश्न विचारतेच. आमची कंपनी कमी धुराच्या शेगड्या बनवते, एवढं तिला कळतं. पण मी शेगड्या बनवत नाही, विकत नाही, तरी पगार कसा मिळतो, हे काही कळत नाही. मी कंपनीसाठी निधी मागणारे प्रस्ताव लिहिते, असं एकदा सांगितलं, तर म्हणाली, ‘म्हणजे वर्गणी!’ खरंय की. फक्त पावतीपुस्तकाच्या जागी चाळीस पानी ऑनलाइन फॉर्म असतो.

हुद्दा ग्रँट रायटर. कंपनी आहे तर मग अनुदान कशाला? तर जंगलातून फुकट लाकूड आणणारं कुटुंब शेगडीसाठी आमचा खर्च भरून निघेल एवढी किंमत देऊ शकत नाही. आणि नवं मॉडेल पाड्यावर नेऊन तपासायला बँक कर्ज देत नाही. तो पैसा येतो देशी-परदेशी फाउंडेशन्सकडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. आमचा प्रत्येक प्रस्ताव या वाक्याने सुरू होतो. मला त्याचा कंटाळा आलाय, पण ते काढताही येत नाही.

इंग्रजीत बीए केलं म्हणून मला घेतलं, असं मला वाटायचं. पण निम्मं काम एक्सेलमध्ये असतं. जीप तीनदाच का, चारदा का नाही, याचंही कारण लिहावं लागतं. डेडलाइन लंडनची असली, तर तिथले पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. फॉर्ममध्ये दोन चौकटी कायम असतात. आउटपुट, म्हणजे किती शेगड्या दिल्या. आणि आउटकम, म्हणजे त्याने कुणाचं काय बदललं. पहिली चौकट गोडाउनच्या रजिस्टरवरून भरता येते. दुसरीसाठी मी पहिल्या वर्षी ‘कुटुंबं आता धूरमुक्त स्वयंपाक करतात’ असं ठोकून दिलं होतं. वाटल्या म्हणजे वापरल्या, असं धरून.

मग वार्षिक अहवालासाठी ऐन पावसात जव्हारजवळच्या एका पाड्यावर गेले. पहिल्याच घरात मावशींनी आमच्या शेगडीवर झटक्यात कोरा चहा केला. मी खूश, फोटो काढले. चहा झाला आणि त्या नागलीची भाकरी थापायला बसल्या जुन्या चुलीपाशी. का, म्हणून विचारलं. शेगडीवर तवा डुगडुगतो. भाकरी निखाऱ्यापुढे उभी करायला जागा नाही. लाकडं बोटाएवढी बारीक करावी लागतात, ती कोयत्याने फोडत कोण बसणार? शिवाय आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. कोपऱ्यात गॅसचा सिलिंडरही होता, रिकामा. आणखी एका घरात आमची शेगडी खोक्यासकट माळ्यावर ठेवली होती, पोरीच्या लग्नात द्यायला!

आमच्या क्षेत्रात याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात: नवं आलं तरी जुनं सुटत नाही. ओडिशात एस्थर डुफ्लो (पुढे नोबेल मिळालेल्या) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला होता. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर घटला, नंतर तो फरक पुसला गेला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्तही झाल्या नाहीत. 2024 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की, त्यांनी तपासलेल्या चूल प्रकल्पांना प्रत्यक्षातल्या बचतीच्या सुमारे नऊपट कार्बन क्रेडिट्स मिळाली होती. हे सगळं मी पाड्यावर जाण्याआधी वाचायला हवं होतं.

परत आल्यावर ताणकाटा घेऊन आमची टीम पुन्हा गेली आणि घरोघरी रोज किती लाकूड जळतं, ते मोजलं. रोज शेगडी वापरणारी घरं निम्म्याहून कमी निघाली. सर म्हणाले, ‘हे असं लिहिलंस तर दुसरा हप्ता अडकेल.’ मी दोन रात्री आवृत्त्या बदलत बसले. ‘वापर उत्साहवर्धक’ असं एक वाक्य टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी आकडे होते तसे पाठवले.

हप्ता अडकला. चांगले चार महिने. ज्या दादाने मला बाइकवरून पाड्यापाड्यांत फिरवलं, त्याचं कंत्राट त्या काळात संपलं आणि वाढवता आलं नाही. तो आता वसईत नोकरीला आहे. त्याला फोन करताना अजून अवघडल्यासारखं होतं. नंतर फाउंडेशनने प्रश्नांची भलीमोठी यादी पाठवली आणि तवा टेकायची कडी बदलण्यापुरते पैसे दिले. मागितले होते त्याच्या बरेच कमी.

या कामात यायचं असेल, तर भाषेबरोबर बजेट वाचायला शिका. आणि शक्य असेल, तर फॉर्म भरण्याआधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पूर्ण सकाळ बसून या. चहा पिऊन लगेच निघू नका.

नव्या कडीवर तवा डुगडुगत नाही, भाकरी जमते, असं मावशी सांगतात. पण आंघोळीच्या पाण्याचं काय, हेही विचारतात. सध्या ‘पुढील टप्पा’ या चौकटीत तेच लिहितेय. 200 शब्दांची मर्यादा आहे, माझे 260 झालेत, आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला फॉर्म बंद होतोय.