जुनी आलिशान डिझेल गाडी : स्वस्तात मिळते, पण स्वस्तात चालत नाही

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "भाई, दिल्लीची जर्मन गाडी मिळतेय, डिझेल, ऑटोमॅटिक, आठ लाखात. घेऊ का?" विचारणारा कधी आखाती देशात दहा वर्षं राबून कोकणात परतलेला तरुण असतो, कधी मुलाच्या हट्टापुढे हात टेकलेले अब्बा. पैसा बहुतेक वेळा घामाचा असतो. परदेशातल्या नोकरीची बचत, रिटायर झाल्यावर हातात आलेला पीएफ, किंवा व्याजाचं कर्ज नको म्हणून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली रोकड.

अशा माणसाला आम्ही घे किंवा नको असं थेट सांगत नाही. एक गोष्ट मात्र नक्की सांगतो. गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी आठ लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो, तिचा गिअरबॉक्स आणि तिचे नोझल पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. हे लक्षात न घेता केलेला सौदा सहा महिन्यांत घराचं बजेट कोसळवतो. म्हणून धूर, आवाज आणि देखभाल या तीन गोष्टी आज नीट समजून घेऊ.

ही गाडी आपल्याकडे येते कुठून?

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे तिथले मालक दहा वर्षं पुरी व्हायच्या आत किंवा पुरी होताच एनओसी काढून गाडी दुसऱ्या राज्यात विकू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवरच्या कारवाईला लगाम घातला खरा, पण तोपर्यंत दिल्लीच्या गाड्यांचा बाजार देशभर पसरला होता.

म्हणजे दिल्लीची गाडी स्वस्त मिळते ती खराब आहे म्हणूनच असं नाही. पण ती दहा वर्षांची आहे हे विसरू नका. शिवाय एनओसीची गाडी महाराष्ट्रात आणली की इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर आलाच. हा खर्च दलाल शेवटी सांगतो, तुम्ही आधी विचारा.

धूर काय सांगतो?

डिझेल गाडीचा धूर म्हणजे तिची नाडी. रंग पाहिला की अर्धा आजार कळतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. सर्वात साधं कारण बुजलेला एअर फिल्टर. दुसरं, टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारा रबरी पाइप फाटणं. दहा वर्षांत हा रबर कडक होतो, चिरतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स आवाज येऊन मागून काळं ढग निघतं. तिसरं कारण ईजीआर व्हॉल्व्ह. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीने अडकून उघडा राहिला की ताजी हवा कमी पडते. हे तिन्ही आजार तुलनेने स्वस्त आहेत. सगळ्यात शेवटी नोझलवर संशय घ्यावा. पुष्कळ ठिकाणी सुरुवातच नोझलपासून होते आणि बिल फुगतं.

निळसर धूर म्हणजे इंजिन स्वतःचं ऑईल जाळतंय. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑईल वेळेवर न बदललेल्या गाडीत आधी टर्बो जातो. टर्बो ठीक असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंग-पिस्टन, म्हणजे मोठं काम. निळा धूर दुर्लक्षित करू नका. टर्बोतून गळणारं ऑईल जास्त प्रमाणात इंजिनात गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर सुसाट पळू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. थंडीत सकाळी थोडा वेळ येऊन गेला आणि डिझेलचा वास असेल, तर बहुधा हीटर प्लग किंवा एखादं नोझल. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट वारंवार कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेलेलं असण्याची दाट शक्यता. अशी गाडी "पाणी टाकून" चालवत राहिलात तर हेड वाकतं आणि मग इंजिनच उघडावं लागतं.

आवाज ऐकायला शिका

"डिझेल आहे, आवाज तर करणारच," हे वाक्य विकणाऱ्याचं आहे. या गाड्या नव्या असताना केबिनमध्ये इंजिन चालू आहे की बंद हे कळत नव्हतं. आज कळतंय, म्हणजे काहीतरी झिजलंय.

गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल तर आधी इंजिनाचे फाउंडेशन पाहा. महागड्या गाड्यांत यांच्या आत द्रव भरलेला असतो. तो गळून गेला की इंजिनाची सगळी थरथर बॉडीत उतरते. काम मध्यम खर्चाचं आहे आणि केल्यावर गाडी पुन्हा शांत होते.

सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर सावध व्हा. ती टायमिंग चेन असू शकते. २००७ नंतर आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटर डिझेल इंजिनाचं उदाहरण मेकॅनिक लोकांना तोंडपाठ आहे. त्यात ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. आणि चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन संपतं.

मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-सिक्स डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, सगळ्याच्या खाली आहे. त्याचे रबरी सील उष्णतेने कडक होतात आणि ऑईल गळू लागतं. सील किरकोळ किमतीचे, पण तिथवर पोहोचायला वरचा सगळा संसार उतरवावा लागतो. आलिशान गाडीचं गणित असंच असतं. पार्ट शेकड्यात, मजुरी हजारांत.

इंजिनातून "चुक-चुक" असा फुसफुसणारा आवाज आणि बोनेटखाली डिझेलच्या धुराचा वास येत असेल, तर नोझलखालचा तांब्याचा वायसर गळतोय. लवकर बदलला तर काही नाही. उशीर केला तर तिथे डांबरासारखा काजळीचा थर साचतो आणि नोझल बाहेर काढणंच मुश्कील होतं.

टर्बोची हलकी शिट्टी नैसर्गिक आहे. तीच शिट्टी सायरनसारखी चढू लागली तर टर्बो शेवटच्या टप्प्यात आहे असं समजा.

शहरातली छोटी फेरी, गाडीचा मोठा शत्रू

अनेक जर्मन डिझेल गाड्यांत, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत, सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी असते. ती भरत आली की गाडी आपोआप जास्त डिझेल जाळून, सुमारे सहाशे अंश तापमानाला ती काजळी जाळून टाकते. त्यासाठी वीसएक मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालणं लागतं.

आपल्याकडे होतं काय? गाडी घर ते दुकान, दुकान ते मशीद, मशीद ते घर अशी दोन-दोन किलोमीटर फिरते. सफाई सुरू होते आणि अर्ध्यात गाडी बंद. न जळलेलं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑईल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं.

मग कुणीतरी सल्ला देतो, "जाळी काढून टाक, प्रोग्राम बदलून देतो." आमचं म्हणणं स्पष्ट आहे, हे करू नका. ते बेकायदा आहे आणि ती काजळी गाडीतून निघून आपल्याच गल्लीत पडते. ज्याचा रोजचा प्रवास दहा किलोमीटरच्या आत आहे, त्याने डिझेल आलिशान गाडी घेऊच नये. त्याच्यासाठी पेट्रोल गाडी बरी. डिझेल घेतलीच असेल, तर आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास चालवा.

देखभालीत कुठे वाचवू नये

ऑईल : कंपनीच्या पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर लिहिलेलं असलं तरी जुन्या गाडीचं ऑईल आठ ते दहा हजारांत किंवा वर्षातून एकदा बदला. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचंच ऑईल लागतं. कुठलंही महाग ऑईल चालतं असं नाही.

डिझेल फिल्टर : या इंजिनांत डिझेल सोळाशे ते दोन हजार बार इतक्या प्रचंड दाबाने फवारलं जातं. पाण्याचा थेंब किंवा भेसळीचं रॉकेल तिथे पोहोचलं तर पंप आणि नोझल दोन्ही जातात. फिल्टर वेळेवर बदला, डिझेल खात्रीच्या पंपावरच भरा.

गिअरबॉक्स ऑईल : "हे आयुष्यभर चालतं" असं पुष्कळ जण सांगतात. पण अनेक आलिशान गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ते ठराविक किलोमीटरनंतर बदलायला सांगते. लाखभर किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याची पावती नसेल, तर गाडी घेताच हा खर्च धरा.

एअर सस्पेन्शन : रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर हवेची पिशवी गळतेय. तशीच चालवली तर कॉम्प्रेसर सतत पळून जळतो. एका खर्चाचे दोन होतात.

विकत घेण्याआधी

गाडी पाहायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव. तुम्ही पोचाल तेव्हा बोनेट गरम असेल तर समजून जा, काहीतरी झाकायचं होतं. स्टार्ट करताना एकाने पुढे उभं राहून आवाज ऐकावा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर पाहावा. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करा. तिथून जोरात धूर फेकला जात असेल तर रिंग झिजल्या आहेत.

स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करू नका. मीटर मागे केलेलं असलं तरी किलोमीटरची नोंद अनेकदा गाडीच्या दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये शिल्लक असते. स्कॅनरवर "एकही एरर नाही" दिसलं तरी विचारा की एरर आदल्या दिवशी पुसल्या तर नाहीत ना. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन केलं की खरं बाहेर येतं.

आणि गाडीच्या किमतीच्या निदान पाव हिस्सा रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. आठ लाखांची गाडी घ्यायची तर खिशात दहा लाख हवेत. हा आमचा अंदाज आहे, पण कित्येक घरांचा अनुभव पाहून बांधलेला. दहा नसतील तर सहाची साधी गाडी घ्या आणि सुखाने झोपा.

धूर शेवटी कुणाच्या घरात जातो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या मोहल्ल्यांतल्या गल्ल्या अरुंद, घरं रस्त्याला लागून, खिडक्या सायलेन्सरच्या उंचीला. गाडी गरम करायला म्हणून दारात दहा मिनिटं चालू ठेवलेलं इंजिन शेजारच्या दम्याच्या आजीला आणि मदरशात निघालेल्या मुलांना धूर पाजतं. या इंजिनांना तसं गरम करायची गरजही नसते. अर्धा मिनिट थांबा आणि हळू निघा.

पीयूसीसुद्धा खिडकीतून पैसे देऊन घेऊ नका. तपासणीत धुराचा आकडा निघतो. बीएस-४ डिझेल गाडीसाठी मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. तुमचा आकडा दर वेळी वाढत असेल तर तो गाडीचा रिपोर्ट आहे, जपून ठेवा. पीयूसी नसेल तर कायद्याने दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ते वेगळंच.

शेवटचं सांगणं गाडी विकणाऱ्यांना आणि गॅरेजवाल्या भावांना. या धंद्यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या हातातल्या हुनरला तोड नाही. घट्ट ऑईल ओतून दोन दिवस धूर दाबता येतो, एरर पुसून दिवा विझवता येतो. पण मालाचा ऐब लपवून विकू नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. समोरचा माणूस कुणाच्या तरी दहा वर्षांच्या कष्टाचे पैसे घेऊन उभा असतो. दोष सांगून हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, तो गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येईल.